वेल्डिंग शिकायचंय? पुस्तक कोणतं घ्यावं – पालघर, बोईसर-तारापूरच्या नवशिक्यांसाठी



सकाळच्या शिफ्टच्या वेळी बोईसर स्टेशनबाहेर उभं राहिलात तर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रिक्षांत कोंबलेली माणसं दिसतात. त्यातले बरेच जण हेल्पर असतात. फॅब्रिकेशनच्या कामावर दोन-दोन, तीन-तीन वर्षं केबल ओढणारे, ग्राइंडर मारणारे, रॉडचं पाकीट हातात देणारे. त्यांना वेल्डर व्हायचं असतं, कारण हेल्परची हजेरी आणि वेल्डरची हजेरी यातला फरक त्यांना रोज दिसतो. उस्ताद वाईट असतो असं नाही, पण त्याला काम उरकायचं असतं. "बघून शिक" एवढंच तो सांगतो. आता आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही आणि काचेतून बघितलं तरी नेमकं काय बघायचं हे कोणी सांगितलेलं नसतं!

अशा वेळी मुलगा पुस्तक शोधायला लागतो. ऑनलाइन "वेल्डिंग बुक" टाकलं की शेकडो पुस्तकं येतात. मी स्वतः सुरुवातीला असंच एक जाडजूड इंजिनिअरिंगचं पुस्तक घेतलं होतं. पहिल्या शंभर पानांत आर्कचं भौतिकशास्त्र, प्लाझ्मा, उष्णतेची समीकरणं. रॉड चिकटतो तेव्हा काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. पुस्तक वाईट नव्हतं. ते डिग्रीच्या मुलांसाठी होतं आणि मी चुकीच्या दुकानात शिरलो होतो.

म्हणून आजच्या लेखात आपण बघणार आहोत की मूलभूत वेल्डिंग शिकायला पुस्तक कसं निवडायचं, कोणतं आधी घ्यायचं, कोणतं नंतर आणि कोणतं सध्या कपाटातच राहू द्यायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुस्तक वाचून हात बसत नाही. हात बसतो रॉड जाळून. पण रॉड जाळताना चूक कुठे झाली हे ओळखायला पुस्तक लागतं. त्यामुळे पुस्तकाची खरी परीक्षा एकच: तुमचा बिघडलेला जोड त्या पुस्तकात सापडतो का?

आधी ठरवा, वेल्डिंग कुठलं?

पालघर जिल्ह्यात वेल्डिंग म्हणजे एकच काम नाही. पालघर, मनोर, सफाळे, केळवे इथल्या रस्त्यावरच्या गेट-ग्रिलच्या दुकानात मुख्यतः माइल्ड स्टीलचे अँगल, चौकोनी पाइप आणि पत्रा असतो. मशीन ट्रान्सफॉर्मरचं किंवा आता सर्रास मिळणारं इन्व्हर्टरचं आणि रॉड ६०१३. तिथे एक्स-रे काढायला कोणी येत नाही. गेट सरळ लागलं पाहिजे आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत सांध्यातून गंजू नये, एवढी अपेक्षा असते.

तारापूर एमआयडीसीतलं काम वेगळं. तिथे रसायनांचे, औषधांचे कारखाने आहेत, पोलादाचेही आहेत. रिअॅक्टर, टाक्या, स्टेनलेसच्या पाइपलाइनी, वाफेच्या लाइनी. इथे टिग चालतं, जोडाची तपासणी होते आणि वेल्डरला आधी चाचणी तुकडा करून दाखवावा लागतो. पाइप ४५ अंशात तिरपा, हलवता न येणारा ठेवून सगळीकडून जोडायची जी चाचणी असते तिला ६जी म्हणतात. बॉयलर आणि त्याच्या वाफेच्या पाइपवर काम करायचं तर बॉयलरच्या नियमांखालची वेगळी परीक्षा असते. लोक त्याला "आयबीआर वेल्डर" म्हणतात.

तिसरी वाट आयटीआयची. एक वर्षाचा कोर्स, आठवी पास झालेल्यांना प्रवेश. शेवटी परीक्षा असते, म्हणजे पुस्तक अभ्यासक्रमाला धरून हवं.

गंमत अशी की या तिन्ही वाटांचं पहिलं पुस्तक एकच आहे. फाटा नंतर फुटतो.

पहिलं पुस्तक: "संधाता" या शब्दाने शोधा

आयटीआयच्या शासकीय मराठीत फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री आणि वेल्डर म्हणजे संधाता. बोईसरच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये "संधाता कोण आहे?" असं विचारलंत तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. पण आयटीआयच्या याद्यांत आणि प्रवेशाच्या कागदांत हा शब्द भेटतो. म्हणून पुस्तक शोधताना वेल्डर आणि संधाता, दोन्ही शब्द टाकून बघा.

चेन्नईला राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था आहे, सगळे तिला "निमी" म्हणतात. १९८६ साली जर्मनीच्या मदतीने ती उभी राहिली आणि देशभरातल्या आयटीआयसाठी पुस्तकं तयार करणं हेच तिचं काम. वेल्डर ट्रेडची तिची दोन मुख्य पुस्तकं आहेत, ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकल. ती इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषांत निघतात. केंद्र सरकारच्या भारत स्किल्स या पोर्टलवर आयटीआयचं अभ्याससाहित्य फुकट उतरवून घेता येतं. छापील प्रतही काही शे रुपयांत येते.

दोन्हीपैकी एकच घ्यायचं झालं तर बहुतेक जण थिअरी घेतात, कारण परीक्षेत प्रश्न तिच्यातून येतात. माझं मत उलटं आहे. प्रॅक्टिकल आधी घ्या. त्यात प्रत्येक जॉबचं ड्रॉइंग असतं, तुकडे किती मापाचे कापायचे ते असतं आणि मग कामाचा क्रम. त्याच्या मागोमाग "कौशल्य क्रम" म्हणून एक भाग येतो, तो खरा सोन्याचा. रॉड किती अंशात धरायचा, आर्कची लांबी किती, टाके कुठे मारायचे, रन संपवताना खड्डा कसा भरायचा, हे चित्रांसकट दिलेलं असतं. सुरुवातीचा एक जॉब सपाट पट्टीवर सरळ रेषेत बीड टाकण्याचा. कंटाळवाणा वाटतो, पण त्यावर आठ दिवस घालवलेला माणूस पुढे वेगळाच दिसतो.

भाषेबद्दल एक सूचना. तांत्रिक मराठी अनुवाद वाचताना "सच्छिद्रता", "अधोकर्तन" असे शब्द आले की डोकं फिरतं. हे म्हणजे आपलं पोरोसिटी आणि अंडरकट. कारखान्यात सुपरवायझर इंग्रजी शब्दच वापरणार आणि उस्ताद हिंदीत समजावणार. म्हणून शक्य असेल तर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही फाइली मोबाइलवर ठेवा. धड्यांचे नंबर सारखे असले की एकात अडलेलं दुसऱ्यात लगेच सापडतं. मराठीत समजून घ्यायचं, शब्द इंग्रजी पाठ करायचा.

बाजारात ट्रेडच्या नावाने पातळ प्रश्नसंचही मिळतात. हजार प्रश्न, खाली उत्तरं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठीक आहेत. त्यावरून वेल्डिंग शिकायला जाऊ नका.

दुकानात उभ्या-उभ्या पुस्तक कसं तपासायचं

समजा दुसरं एखादं पुस्तक हातात आलं, जुन्या बाजारात किंवा मित्राकडे. घ्यायचं की नाही? मुखपृष्ठ सोडा, सरळ दोषांच्या प्रकरणावर जा. प्रत्येक पुस्तकात चांगल्या जोडाचा फोटो असतोच. नवशिक्याचा जोड तसा येत नाही. त्याला हवा असतो वाईट जोडाचा फोटो आणि शेजारी कारण. एकाच पट्टीवर सात-आठ बीड टाकून दाखवलेले असतात बघा: एक करंट कमी असताना, एक जास्त असताना, एक आर्क लांब धरून, एक हात फार जोरात ओढून, एक फार हळू. असं चित्र ज्या पुस्तकात आहे ते निम्मं पास झालं. तुमची पट्टी त्या चित्राशेजारी ठेवा. उंच, अरुंद, वर बसल्यासारखा बीड दिसतोय? करंट कमी आहे. कडेला खाच पडलीय आणि ठिणग्यांचे दाणे सगळीकडे उडालेत? करंट जास्त आहे किंवा आर्क लांब आहे. उस्तादाला हे एका नजरेत कळतं, पण सांगायला त्याच्याकडे वेळ नसतो.

मग रॉडचा तक्ता बघा. आपल्याकडे रॉड २.५, ३.१५ आणि ४ मिलिमीटरमध्ये येतात. ६०१३ साठी २.५ ला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ ला साधारण ९० ते १३०, अशा आकड्यांचा तक्ता पुस्तकात हवा. नेमका आकडा रॉडच्या पाकिटावर असतो आणि शेवटी तोच धरायचा. अमेरिकन पुस्तकात हेच माप इंचाच्या अपूर्णांकात असतं, एक अष्टमांश म्हणजे आपला ३.१५ च्या जवळचा. चालतं, पण सुरुवातीला डोक्याला ताप.

पाकिटावरचे नंबर समजावून न सांगणारं पुस्तक घेऊ नका. ६०१३ मधले ६० म्हणजे जोडाच्या धातूची किमान ताणशक्ती, दर चौरस इंचाला ६०,००० पौंड, आपल्या मापात साधारण ४१४ मेगापास्कल. नंतरचा १ म्हणजे रॉड सगळ्या पोझिशनमध्ये चालतो. शेवटचे दोन आकडे मिळून वरच्या लेपाचा प्रकार आणि करंट सांगतात. ही अमेरिकन पद्धत. त्याच पाकिटावर आयएस ८१४ असं लिहून पुढे ईआर ४२११ असा दुसरा नंबर दिसतो, तो भारतीय मानकाचा. रॉड तोच, नावं दोन. परदेशी पुस्तकात दुसरा नंबर सापडणार नाही, भारतीय पुस्तकात सापडायला हवा.

आणखी एक खास आपल्या भागातली कसोटी: ओल्या रॉडबद्दल पुस्तक काय म्हणतं? जून ते सप्टेंबर पालघरच्या किनारपट्टीवर हवेत किती दमटपणा असतो ते मी सांगायला नको. उघडं पडलेलं पाकीट ओल धरतं, आर्क फडफडतो, जोडात बारीक छिद्रं येतात. ६०१३ थोडा सुकवला तरी चालून जातो. ७०१८ चं तसं नाही. त्याच्या लेपात ओल राहिली तर हायड्रोजन जोडात जातो आणि जाड किंवा कडक स्टीलला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जाऊ शकतो. म्हणून तो ३०० अंशांच्या वर ओव्हनमध्ये भाजून गरम पेटीतून वापरायचा असतो, नेमकं तापमान पाकिटावर. "७०१८ मजबूत रॉड आहे" एवढंच सांगून पुढे जाणारं पुस्तक अर्धवट समजा.

आणि हो, मशीन. काही परदेशी पुस्तकं तारेच्या मिग मशीनपासून सुरुवात करतात. आपल्याकडे नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा रॉडचा होल्डरच येतो. ड्यूटी सायकल म्हणजे काय हेही पुस्तकात असावं: २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. घरी सराव करणाऱ्यांनी हे धडे नीट वाचावेत. २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालवलं तर ते लाइनमधून तीस अँपिअर किंवा जास्त ओढतं. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी नसतो. २.५ च्या रॉडवर सराव निभावतो, पुढे गेलात की सॉकेट तापू शकतो.

सुरक्षेचं प्रकरण: इथे पुस्तक नापास करायला घाबरू नका

बहुतेक पुस्तकांत पहिलं प्रकरण सुरक्षेचं असतं आणि बहुतेक जण ते उलटून पुढे जातात. मी पुस्तक निवडताना याच प्रकरणात तीन गोष्टी शोधतो.

पहिली, बंद ड्रम. तारापूरच्या आसपास केमिकलचे रिकामे पिंप भंगारात सहज मिळतात. कोणी पाण्यासाठी कापून घेतं, कोणी चुलीसाठी. "रिकामा" ड्रम रिकामा नसतो, आत वाफ असते. गॅस कटरची ज्योत किंवा आर्क लागला की तो बॉम्बसारखा फुटतो आणि झाकण समोरच्या माणसाच्या तोंडावर येतं. कारखान्याच्या आत अशा कामाला हॉट वर्क परमिट लागतं, वायू तपासून सही झाल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. रस्त्यावरच्या दुकानात परमिट देणारा कोणी नसतो, तिथे वेल्डरच्या डोक्यात हे असलं पाहिजे. ज्या पुस्तकात बंद भांड्यांवर वेल्डिंग करण्याबद्दल स्पष्ट इशारा नाही ते मी दुसऱ्याला सुचवत नाही.

दुसरी, जीआय पाइप. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर जस्ताचा थर असतो. तो जळाला की पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर लोक याला झिंकचा ताप म्हणतात आणि त्यावर दूध पितात किंवा गूळ खातात. ताप बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून दुधाचा गुण आला असं वाटतं. दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर आधी घासून काढायचा, मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ किंवा कूस करून बसायचं आणि धुराला चालणारा मास्क लावायचा, हे पुस्तकाने सांगितलं पाहिजे.

तिसरी गोष्ट केमिकल पट्ट्यातली. ग्रीस काढायला वापरतात ती क्लोरीनयुक्त द्रावणं, ट्रायक्लोरोइथिलीनसारखी. त्यांची वाफ आर्कच्या प्रकाशात आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. फार कमी पुस्तकं हे नवशिक्यांना सांगतात, जी सांगतात त्यांना माझे दोन गुण जास्त.

डोळ्यांचं तर सगळ्यांना माहीत आहे, तरी काळा चष्मा लावून टाके मारणारे दिसतातच. आर्क लागल्यावर काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मग घरोघरी बटाट्याच्या चकत्या. रॉडच्या नेहमीच्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते, आणि तोंड-मान झाकणारी ढाल. चष्म्याने चेहरा भाजतोच.

जुन्या पुस्तकांबद्दल इथेच सांगतो. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात वेल्डिंगची जुनी परदेशी पुस्तकं स्वस्तात मिळतात. धातू बदललेले नाहीत, त्यामुळे तंत्राचा भाग आजही खरा आहे. पण त्यातल्या काहींत अॅस्बेस्टॉसचे हातमोजे आणि चादरी बिनधास्त सुचवलेल्या असतात. तो सल्ला आता बाद. धुराबद्दलचंही ज्ञान पुढे गेलं आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात पुरावा पक्का. जुन्या काही पुस्तकांत धूर हा फक्त "त्रासदायक" असतो. जुनं पुस्तक घ्या, सुरक्षेचं प्रकरण मात्र नव्या पुस्तकातून वाचा.

परदेशी पुस्तक आणि ड्रॉइंगचा घोळ

हा मुद्दा थोडा सविस्तर, कारण यात खरंच नुकसान होतं.

वेल्डिंगच्या ड्रॉइंगवर बाण असतो, आडवी रेघ असते आणि रेघेवर किंवा रेघेखाली छोटा त्रिकोण. त्रिकोण म्हणजे फिलेट, कोपऱ्यातला जोड. अमेरिकन पद्धतीत त्रिकोण रेघेच्या खाली असला की बाण दाखवतो त्या बाजूला वेल्ड, वर असला की पलीकडच्या बाजूला. युरोपात वाढलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सलग रेघेला लागून एक तुटक रेघ असते. त्रिकोण सलग रेघेवर असेल तर बाणाच्या बाजूला, तुटक रेघेवर असेल तर पलीकडे. भारतीय मानक आयएस ८१३ चिन्हांबद्दलच आहे. तारापूरच्या कारखान्यांत दोन्ही प्रकारची ड्रॉइंगं येऊ शकतात, कारण यंत्रसामग्री कुठल्या देशाच्या डिझाइनची आहे त्यावर ते ठरतं.

त्याहून वाईट घोळ मापाचा. फिलेटचं माप दोन तऱ्हेने सांगतात. एक पायाची लांबी, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या कडेपर्यंत. दुसरं घशाची जाडी, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या तोंडापर्यंतचं आडवं-तिरकं अंतर. काटकोनातल्या जोडात घसा हा पायाच्या ०.७ पट. आता ड्रॉइंगवर "ए५" लिहिलंय, म्हणजे घसा ५ मिलिमीटर हवा, पाय ७ च्या आसपास. ज्याने फक्त अमेरिकन पुस्तक वाचलंय तो ५ चा पाय घालतो. त्याचा घसा झाला ३.५. दिसायला जोड सुबक, ताकद तीस टक्क्यांनी कमी. तपासणीत पकडला तर ग्राइंड करून पुन्हा, नाही पकडला तर त्याहून वाईट.

म्हणून पुस्तक चाळताना चिन्हांचं प्रकरण उघडा. एकच पद्धत दिली असेल तर पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा, "हे अमेरिकन आहे" किंवा "हे आयएसओ आहे". बास.

भारतीय मानकं वाचायची असतील तर भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बरीचशी फुकट उतरवून घेता येतात. आयएस ८१६ सर्वसाधारण माइल्ड स्टीलच्या बांधकामासाठी, आयएस ८१८ सुरक्षेसाठी. कादंबरीसारखं वाचायला घेऊ नका. अडलं की बघायचं.

स्टेनलेसकडे जायचं असेल तर

एमआयडीसीत जायचं ठरवलेल्यांसाठी दुसऱ्या टप्प्याचं पुस्तक वेगळं लागतं आणि त्यात एक प्रकरण असायलाच हवं: उष्णताबाधित भाग. म्हणजे न वितळलेला, पण वेल्डच्या शेजारी तापून बदललेला धातू.

याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन रिअॅक्टर १९६९ साली सुरू झाले, ते उकळत्या पाण्याच्या प्रकारचे. या प्रकारच्या रिअॅक्टरांत जगभर एक दुखणं पुढे आलं: ३०४ जातीच्या स्टेनलेस पाइपांना वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात बारीक तडे जायला लागले. कारण असं की साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात स्टेनलेस रेंगाळलं की त्यातलं कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमेवर बसतं. तिथला क्रोमियम कमी झाला की गंजरोधक गुणही गेला. वर पाइपवर ताण आणि आत तापलेलं पाणी. तडा कणांच्या सीमेवरून चालत जातो.

तेव्हा ३०४ एल, ३१६ एल मधला "एल" कशासाठी, हे तुमच्या पुस्तकाने सांगायला हवं. एल म्हणजे कार्बन कमी, जास्तीत जास्त ०.०३ टक्के. साध्या ३०४ मध्ये तो ०.०८ पर्यंत चालतो. आम्लाची लाइन जोडताना सुपरवायझर "करंट कमी ठेव, थांबून थांबून मार, पाइप लाल होऊ देऊ नको" म्हणतो, त्यामागे हेच आहे. टिगच्या कामात पाइपच्या आतून आर्गॉन सोडतात, नाहीतर आतला रूट काळा, फुललेला होतो. मुलं त्याला "साखर झाली" म्हणतात. हेही पुस्तकात हवं.

या टप्प्यासाठी एस. व्ही. नाडकर्णी यांचं "मॉडर्न आर्क वेल्डिंग टेक्नॉलॉजी" मला आवडतं. इंग्रजीत आहे, पण रॉड बनवणाऱ्या भारतीय कंपनीच्या अनुभवातून आलेलं असल्यामुळे आपले रॉड, आपल्या अडचणी त्यात भेटतात. आर. एस. परमार किंवा ओ. पी. खन्ना यांची पुस्तकं डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांसाठी. वेल्डिंग इन्स्पेक्टर व्हायचं मनात असेल तर नंतर घ्या, हेल्परने पहिलं म्हणून घेऊ नये. लिंकन इलेक्ट्रिकचं "प्रोसिजर हँडबुक ऑफ आर्क वेल्डिंग" १९३३ पासून निघतंय, भलं जाड आहे. ते वाचायचं नसतं, शोधायचं असतं. फुकट हवं असेल तर अमेरिकन लष्कराचं टीसी ९-२३७ नावाचं वेल्डिंगचं पुस्तक नेटवर सहज मिळतं. चित्रं भरपूर आणि भाषा सोपी. वर सांगितलेली ड्रॉइंगची गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आणि ते १९९३ चं आहे हेही.

यूट्यूबचं काय, असं विचाराल. व्हिडिओत हाताची चाल दिसते, ती पुस्तकात दिसत नाही. पण व्हिडिओवाला क्वचितच करंट, रॉडचा व्यास आणि धातूची जाडी तिन्ही सांगतो. म्हणून आधी प्रॅक्टिकलच्या पुस्तकातला जॉब वाचा, मग त्याच जोडाचा व्हिडिओ शोधा.

पुस्तक मशीनशेजारी कसं वापरायचं

पुस्तक घरी आणि मशीन कामावर, असं झालं की दोघांची भेटच होत नाही. पानांचे फोटो मोबाइलवर ठेवा किंवा दोन-चार पानांची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ठिणगीने जळली तर वाईट वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत भंगारातले पट्टीचे तुकडे मागून घ्या, उस्ताद सहसा नाही म्हणत नाही. प्रत्येक तुकड्यावर खडूने तीन आकडे लिहा: रॉड, करंट, जाडी. वहीतही तेच.

मग तोडून बघा. दोन ६ मिलिमीटरच्या पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूने फिलेट मारा, थंड होऊ द्या, गॉगल लावा आणि वेल्डच्या बाजूला वाकेल असा हातोडा घाला. तुटलेल्या तोंडात आत बघा. कोपऱ्यात पट्टीची मूळ कापलेली कड जशीच्या तशी दिसली तर धातू मुळापर्यंत पोचलाच नाही, वरवर बसला. काळी काचेसारखी रेघ दिसली तर स्लॅग अडकला. गोल भोकं दिसली तर ओल, तेल किंवा लांब आर्क. एकसारखा करडा दाणेदार तुकडा मिळेपर्यंत दोष ओळखायचा, पुस्तकातलं ते पान काढायचं, एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि पुढची पट्टी घ्यायची.